व्यापार, मक्तेदारी आणि समुद्रकाठची गावं

गेल्या उन्हाळ्यात आपल्या मंडळाची सहल ब्रेला गेली होती, ते बहुतेकांच्या लक्षात असेल. लिक्सलिपच्या लुईझा ब्रिज स्टेशनवर सकाळी साडेनऊला जमायचं ठरलं होतं आणि नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे दहानंतरची गाडी आपण जेमतेम पकडली. कॉनोली स्टेशनवर डार्टमध्ये बसलो. किलायनीच्या वळणावर डाव्या हाताला समुद्र दिसला आणि सगळी पोरं खिडक्यांना चिकटली. ब्रेच्या किनाऱ्यावर चटया अंथरून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बाहेर काढतो न काढतो तोच आयर्लंडचा पाऊस आला. मग काय, डबे तसेच झाकून सगळी वरात समोरच्या खेळघरात घुसली.

तिथे जे पाहिलं त्यामुळे हा लेख लिहायला घेतला. त्या खेळघरात नाणी ढकलणारी यंत्रं आहेत. काचेआड दोन सेंटच्या नाण्यांचा ढीग अगदी कडेवर आलेला असतो. आपण वरून एक नाणं टाकायचं, फळी पुढे सरकते आणि आता सगळा ढीग कोसळणार असं वाटतं. आपल्यातलाच एक आठ वर्षांचा मुलगा पाच युरो संपवून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मावशी, अजून एक युरो दे ना. आता पडणारच आहेत."

मी त्याला यंत्राच्या बाजूला नेलं. ढिगाच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन फटी असतात. काही नाणी पुढे पडण्याऐवजी त्या फटींतून आत जातात, ती मालकाची. मुलाला ते पटलं, पण युरो हवाच होता. शेवटी दिला! "आता पडणारच आहेत" हे वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण अख्खी शहरं या वाक्यावर उभी राहिली आहेत आणि काही कोसळलीही आहेत. त्यातलं एक शहर आपल्या गोव्यात आहे.

एकाच महिन्यातल्या दोन गाड्या

ब्रेपासूनच सुरुवात करू. १० जुलै १८५४ रोजी डब्लिनहून आगगाडी ब्रेला पोचली. त्याआधी ते एक लहानसं गाव होतं. विल्यम डार्गन हा त्या काळातला आयर्लंडचा सगळ्यात मोठा रेल्वे-कंत्राटदार. १८३४ साली सुरू झालेला आयर्लंडचा पहिला लोहमार्ग, डब्लिन ते किंग्जटाउन (आताचं डन लेरी), त्यानेच बांधला होता. ब्रेला गाडी नुसती नेऊन तो थांबला नाही. समुद्रकाठी फिरायला रुंद रस्ता करून दिला आणि १८५९ मध्ये एक तुर्की स्नानगृह उभारलं. मोठी हॉटेलं आली आणि लोक ब्रेला 'आयर्लंडचं ब्रायटन' म्हणू लागले. लेखक जेम्स जॉइसचं कुटुंबही १८८७ ते १८९१ या काळात इथे समुद्रालगत राहत होतं.

आता गंमत पाहा. त्याच १८५४ सालच्या त्याच जुलै महिन्यात अटलांटिकच्या पलीकडच्या काठावर, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, फिलाडेल्फियाजवळच्या कॅम्डेनहून एक आगगाडी एका जवळजवळ ओसाड बेटावर पोचली. त्या बेटावर वसवलेल्या गावाचं नाव ॲटलांटिक सिटी. फिलाडेल्फियाचे लोक उन्हाळ्यात तिथे समुद्रस्नानाला जाऊ लागले. पायाला लागलेली वाळू हॉटेलांत आणि गाडीच्या डब्यांत येते, अशी तक्रार होती, म्हणून १८७० मध्ये किनाऱ्यावर लाकडी फळ्यांचा रस्ता केला. तोच तो प्रसिद्ध 'बोर्डवॉक'.

हे शहर आपण पाहिलेलं नसलं तरी त्यावर खेळलो मात्र आहोत. मे महिन्याच्या सुट्टीत आपण सगळे 'व्यापार' खेळायचो, नोटा मांडीखाली लपवायचो आणि शेवटी पट उधळून भांडायचो. तो खेळ 'मोनॉपली' या अमेरिकी खेळावरून घेतलेला. १९३५ साली बाजारात आलेल्या त्या पटावरचे रस्ते ॲटलांटिक सिटीतले आहेत. इथे आपली मुलं जो पट खेळतात त्यावर क्रम्लिन स्वस्त आणि श्रूजबरी रोड महाग असतो, पण मूळ पट त्या समुद्रकाठच्या गावाचा. 'मोनॉपली' म्हणजे मक्तेदारी. या गावाची पुढची सगळी कहाणी त्या एका शब्दात आहे.

मक्ता मिळाला, मक्ता गेला

ब्रे आणि ॲटलांटिक सिटी, दोघांचीही पहिली भरभराट रेल्वेमुळे झाली आणि दोघांनाही विमानाने मारलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये रेशनिंग चालू होतं, तेव्हा पोटभर खायला मिळावं म्हणून इंग्रज पाहुणे ब्रेला येत. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत स्पेनच्या स्वस्त सहली निघाल्या आणि तिथलं हमखास ऊन विकत मिळू लागलं. मग ब्रेच्या पावसात कोण थांबतो? ॲटलांटिक सिटीचे गिऱ्हाईक फ्लोरिडाला उडून जाऊ लागले. १९३० मध्ये तिथे ६६,००० वस्ती होती, ती नंतर घटतच गेली.

इथे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. न्यू जर्सीच्या मतदारांनी नोव्हेंबर १९७६ मध्ये एका कायद्याला कौल दिला. राज्यात कॅसिनो चालतील, पण फक्त ॲटलांटिक सिटीत! २६ मे १९७८ रोजी पहिला कॅसिनो उघडला आणि माणसं दारात रांगा लावून उभी राहिली. अख्ख्या अमेरिकेत त्या वेळी नेवाडा राज्य सोडलं तर कायदेशीर कॅसिनो दुसरीकडे कुठेच नव्हते. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाची कोट्यवधी माणसं बसने दोन-तीन तासांच्या अंतरावर. मक्तेदारी म्हणतात ती हीच.

कॅसिनोत पैसा येतो कसा, हे एकदा पाहून ठेवलेलं बरं. रुलेटच्या चक्रावर १ ते ३६ आकडे आणि एक शून्य अशी ३७ घरं असतात. तुमचा आकडा लागला तर लावलेल्या पैशांच्या पस्तीसपट मिळतात. हिशेबाने छत्तीसपट मिळायला हवेत. हा जो एकाचा फरक आहे, त्यावर मालकाचा संसार चालतो. लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे त्याचे. अमेरिकेतल्या बहुतेक चक्रांवर दोन शून्यं असतात, तिथे सव्वापाच रुपये. एखाद्या रात्री कोणी जिंकेलही, पण प्रयोग लाख वेळा केला की सरासरी येतेच. आम्ही प्रयोगशाळेत ज्या चुकीला घाबरतो ती हीच, नेहमी एकाच बाजूला झुकणारी. ब्रेच्या यंत्रातल्या त्या दोन फटींचंच हे मोठं रूप.

हा पैसा आला, पण गावात झिरपला नाही. कॅसिनोची इमारतच अशी बांधतात की आत घड्याळ नाही, उजेडाची खिडकी नाही, आणि जेवण, नाटक, निजायची खोली, गाडी लावायची जागा सगळं एका छपराखाली. मग बाहेरच्या रस्त्यावरच्या खाणावळीत कशाला कोण जाईल? बोर्डवॉकवर झगमगाट आणि दोन रस्ते मागे पडकी घरं, असं चित्र कित्येक वर्षं राहिलं. नोकऱ्या मात्र मिळाल्या, हे मान्य करायला हवं. नव्वदच्या दशकात चाळीस हजारांवर माणसं तिथल्या कॅसिनोंत कामाला होती, आणि त्यांत भारत आणि बांगलादेशातून आलेलीही पुष्कळ होती. एका कॅसिनोचं नाव तर 'ताजमहाल' होतं, १९९० साली उघडलेला!

२००६ मध्ये कॅसिनोंची वर्षाची मिळकत ५.२ अब्ज डॉलरवर गेली. तोच कळस ठरला. त्याच वर्षाच्या अखेरीला शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पहिला कॅसिनो उघडला. फिलाडेल्फियाच्या माणसाला घराजवळ जुगार खेळता येऊ लागल्यावर तो शंभर किलोमीटरचा हेलपाटा कशाला घालेल? आठ वर्षांत मिळकत जवळजवळ निम्म्यावर आली. २०१४ या एका वर्षात चार कॅसिनो बंद पडले आणि सुमारे आठ हजार माणसं घरी बसली. त्यांतला 'रेव्हल' २०१२ मध्ये २.४ अब्ज डॉलर खर्चून बांधला होता, तो पुढच्या वर्षी ८ कोटी २० लाखांना विकला गेला. 'ताजमहाल' २०१६ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी शहराचा कारभार राज्य सरकारने हाती घेतला, कारण तिजोरीत खडखडाट होता.

नंतर थोडं सावरलं. 'ताजमहाल' आणि 'रेव्हल'च्या इमारती २०१८ मध्ये नव्या नावांनी उघडल्या आणि आज तिथे नऊ कॅसिनो आहेत. पण न्यू जर्सीत २०१३ पासून घरबसल्या इंटरनेटवर जुगार खेळता येतो, आणि त्याची मिळकत आता टेबलांच्या मिळकतीच्या बरोबरीला आली आहे. २०२५ च्या अखेरीस न्यूयॉर्क शहरात पूर्ण कॅसिनोंना परवाने मिळाले. २०२० च्या जनगणनेत ॲटलांटिक सिटीची वस्ती ३८,४९७ होती.

मांडवीवरचे दिवे

एवढी अमेरिकेची कथा सांगितली ती आपल्या घरच्या गोष्टीसाठी.

माझी आत्या लग्न होऊन पणजीला गेली. मी शाळेत असताना सुट्टीत तिच्याकडे जायची. संध्याकाळी जेवणाआधी ती आम्हा भावंडांना मांडवीच्या काठी फिरायला न्यायची. बेतीकडे जाणारी फेरीबोट फुकट असायची, म्हणून आम्ही दोन-तीनदा उगाचच पलीकडे जाऊन यायचो. नदीतून खनिज लोखंडाने भरलेल्या बार्जेस मुरगावकडे जाताना दिसायच्या, एकामागून एक. आत्या म्हणायची, "तो बघ, गोव्याचा पगार चालला."

पणजी हे आपल्याकडच्या राजधान्यांत सगळ्यात लहान आणि नीटनेटकं शहर. १८४३ मध्ये पोर्तुगीजांनी राजधानी रीतसर इथे आणली. आदिलशहाचा जुना वाडा नदीकाठी अजून उभा आहे. शेजारी अबे फारियाचा पुतळा, मागे फोंतेन्हासच्या रंगीत गल्ल्या, पुढे कला अकादमी आणि मिरामारचा किनारा. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही इथेच भरतो. म्हणजे पाहुण्याला यावंसं वाटावं असं बरंच काही त्या गावात मुळातच होतं.

गोव्याचा जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत नाण्यांची यंत्रं ठेवायला परवानगी मिळाली, आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलावरचे खेळ खेळायला. कल्पना अशी की जहाज पाण्यात, जुगार किनाऱ्यापासून दूर. प्रत्यक्षात नव्या शतकात ही जहाजं समुद्रात न जाता मांडवीच्या पात्रात, पणजी शहरासमोर नांगर टाकून उभी राहिली. धक्क्यावरून लहान होडीने पाच-दहा मिनिटांत पोचता येतं. आज सहा जहाजांना परवाने आहेत. एक ठराविक प्रवेशशुल्क भरलं की जेवण, पेय, नाचगाणं सगळं त्यात. खेळायला वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागतात.

'मांडवीतून कॅसिनो हटवा' ही मागणी पणजीत जुनी आहे. मोर्चे निघाले, महिलांच्या संघटनांनी आवाज उठवला, निवडणुकांत आश्वासनं दिली गेली. विरोधात असताना हटवू म्हणायचं आणि सत्तेत आल्यावर मुदतवाढ द्यायची, हे एकापेक्षा अधिक वेळा झालं. जुलै २०१७ मध्ये कॅसिनोचं एक जहाज पावसाळी समुद्रात भरकटून मिरामारच्या वाळूत रुतलं, तेव्हा निदान तो प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आला. पण जहाजं गेली नाहीत.

का गेली नाहीत? उत्तर त्या बार्जेसमध्ये आहे. बेकायदा उत्खननामुळे २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. मग काही काळ सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. गोव्याचा पगार नदीतून जायचा थांबला. त्याच नदीत उभी असलेली जहाजं सरकारला परवान्यापोटी दर वर्षी कोट्यवधी रुपये देत होती. एक पीक बुडालं की उरलेल्या पिकाला कोणी हात लावत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याला विचारात पाडणारी आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. हेतू चांगलाच आहे, स्थानिक घरं उद्ध्वस्त होऊ नयेत. पण त्याचा अर्थ असाही होतो की जे आपल्या लेकरांना चालणार नाही, ते शेजाऱ्यांच्या लेकरांना चालेल. आणि हे शेजारी कोण? बेळगाव, कोल्हापूर, पुणे, मुंबई, हुबळी, हैदराबाद. त्यांतले पुष्कळसे आपलेच लोक.

मागच्या डिसेंबरात मी आत्याकडे दोन दिवस राहिले. संध्याकाळी तिला म्हटलं, "चल, नदीवर जाऊ या." ती म्हणाली, "जाऊ या की गं, पण बोर्डा जवळचा पदपथ नको. तिथे दर दहा पावलांवर पोरं तिकिटं विकायला आडवी येतात. मी साठ वर्षांची बाई, नऊवारीतली, मलासुद्धा विचारतात, आंटी, कॅसिनो?" आम्ही हसलो. पण मग ती म्हणाली, "शेजारच्या बाईचा मुलगा तिथेच कामाला आहे. चांगला पगार आहे. जहाजं गेली तर त्यानं जायचं कुठे, तेही सांगा म्हणावं." हा प्रश्न मोर्चेवाल्यांनाही सोडवावा लागेल आणि सरकारलाही.

दोरी मुंबईच्या हातात

आता पणजीच्या गोष्टीत पेनसिल्व्हेनिया कोण, ते पाहा. फार जणांना ठाऊक नसतं, पण महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्येच कॅसिनोंचा कायदा मंजूर केला होता. ज्या वर्षी न्यू जर्सीने कौल दिला, त्याच वर्षी! तो कायदा अंमलात मात्र कधीच आला नाही. सत्तेचाळीस वर्षं नुसता पुस्तकात पडून होता. अधूनमधून कोणीतरी मागणी करी, की एवढा महसूल गोव्याला जातो तर आपण का सोडायचा? अखेर २०२३ मध्ये महाराष्ट्राने तो कायदाच रद्द करून टाकला.

महाराष्ट्राने हे बरं केलं असं मला वाटतं. पण पणजीच्या बाजूने विचार केला तर अंगावर काटा येतो. समजा, उलट निर्णय झाला असता. सिंधुदुर्गात किंवा मुंबईजवळ चार कॅसिनो उघडले असते, तर मांडवीवरचे दिवे किती दिवस टिकले असते? ज्या शहराचं पोट दुसऱ्या राज्याच्या एका कागदावर अवलंबून आहे, ते शहर ॲटलांटिक सिटीच्या वाटेवरच आहे, फक्त अजून २००६ साल उजाडलेलं नाही.

दोऱ्या इतरही आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स विकत घेताना दिलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हे दिल्लीत ठरतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, त्याने जहाजांची मक्तेदारी उलट थोडी घट्टच झाली. सिक्कीममध्ये २००९ पासून कॅसिनो आहेत, आणि कोलंबोत ऑगस्ट २०२५ मध्ये एक प्रचंड नवा कॅसिनो उघडला, त्याचा डोळा भारतीय गिऱ्हाइकावरच आहे. यातली एकही गोष्ट पणजीच्या महापालिकेच्या हातात नाही.

ब्रेने काय केलं

आपण पुन्हा ब्रेला येऊ. पाहुणे गेल्यावर ब्रेचीही दुर्दशा झाली. मोठं इंटरनॅशनल हॉटेल १९७४ मध्ये जळालं, डार्गनचं स्नानगृह १९८० मध्ये पाडलं. कॅसिनोचं शहर होण्याचा मार्ग इथे नव्हता, कारण आयर्लंडच्या १९५६ च्या कायद्याने तो दरवाजा जवळजवळ बंदच ठेवला होता. मग १९८४ च्या जुलैमध्ये डार्ट सुरू झाली, रेल्वे पुन्हा एकदा! पण या वेळी गाडी पाहुण्यांना आणण्यापेक्षा रहिवाशांना डब्लिनला कामावर नेऊ-आणू लागली. ब्रे राहण्याचं गाव झालं. खेळघरं आहेत, आइस्क्रीम आहे, उन्हाळ्यात गर्दीही असते, पण गाव त्यावर जगत नाही. आणि डार्गनच्या काळातला तो समुद्रकाठचा रस्ता आजही सगळ्यांना फुकट आहे. पाऊस थांबल्यावर आपण त्यावरच चटया अंथरून पुऱ्या खाल्ल्या ना!

थोडक्यात, पाहुण्यांच्या पैशाने गाव श्रीमंत होतं, पण ते टिकतं तिथे राहणाऱ्या माणसांमुळे. मक्ता असेपर्यंत चार पैसे हातात असतात. त्या काळात दुसरं काही उभं केलं तर गाव वाचतं. "आता पडणारच आहेत" म्हणत तेच नाणं टाकत राहिलं तर एक दिवस खिसा रिकामा होतो.

आणि आपलं लिक्सलिप?

हे दुसऱ्यांना सांगताना स्वतःच्या दाराकडेही पाहायला हवं. लिक्सलिप हे नाव नॉर्स लोकांनी दिलेलं, म्हणजे सामन माशांची उडी. ज्या धबधब्यावर ते मासे उड्या मारत तो १९४० च्या दशकातल्या वीजधरणाच्या पाण्याखाली गेला. आर्थर गिनेसने १७५५ मध्ये आपली पहिली भट्टी इथे लावली आणि चार वर्षांनी डब्लिन गाठलं. १७९३ मध्ये रॉयल कालवा खणताना लुईझा ब्रिजपाशी लोहयुक्त पाण्याचा झरा लागला, आणि डब्लिनचे प्रतिष्ठित लोक औषधी स्नानासाठी इथे येऊ लागले. म्हणजे लिक्सलिपही एकदा पर्यटकांचं गाव होतं! आज त्या झऱ्याकडे आपण कुत्रा फिरवायला जातो.

१९८९ मध्ये इंटेल इथे आली आणि आपल्यातली बरीच घरं त्यामुळेच या गावात आहेत. २०२३ मध्ये अब्जावधी युरो खर्चून नवा कारखाना उघडला. पण २०१७ मध्ये एचपीने इथला प्रकल्प बंद केला तेव्हा सुमारे पाचशे नोकऱ्या गेल्या, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात इंटेलनेही दोनशेच्या आसपास माणसं कमी केली. त्या आठवड्यांत आपल्या काही घरांत रात्रीची झोप उडाली होती, हे इथे लिहिण्यात संकोच नको. कारखाना हा काही जुगार नव्हे, तिथे खरी वस्तू तयार होते. पण एका छपरावर सगळं गाव, आणि एका पगारावर सगळं घर, ही रचना पणजीच्या रचनेपेक्षा फार वेगळी नाही. म्हणून चांगल्या दिवसांत घरातल्या दुसऱ्या माणसाने पुन्हा शिकायचं ठरवलं, कोणी पदव्यांची मान्यता करून घेतली, कोणी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला, तर ते भित्रेपणाचं लक्षण समजू नये.

शेवटी एक नाजूक गोष्ट. कॅसिनोला आता समुद्र लागत नाही, फोन पुरतो. इथल्या ईएसआरआय या संस्थेने २०२३ मध्ये अंदाज दिला की आयर्लंडमध्ये दर तीस प्रौढांमागे एकाला जुगाराचा त्रास आहे, म्हणजे सुमारे एक लाख तीस हजार माणसं. आपल्या मंडळात सव्वाशेच्या आसपास प्रौढ आहेत. हिशेब तुम्हीच करा. आपण फार शिकलेले, म्हणून आपल्याकडे असं होत नाही, हा समज मीही बाळगून होते, आता बाळगत नाही. २०२४ मध्ये इथे नवा कायदा झाला आणि मार्च २०२५ मध्ये जुगारावर नियंत्रण ठेवणारं प्राधिकरण स्थापन झालं. पण कायद्याआधी घरचं माणूस लागतं. कोणाला बोलावंसं वाटलं तर मंडळातल्या कुणाहीजवळ बोला, ते तिथेच राहील.

या वर्षी सुट्टीत गोव्याला जाणारी चार-पाच कुटुंबं मला माहीत आहेत. पणजीला जरूर जा. फोंतेन्हासच्या गल्ल्यांतून चाला, कला अकादमीत एखादं नाटक लागलं असेल तर बघा, बेतीच्या फेरीबोटीने उगाचच पलीकडे जाऊन या. आपण तिथे कुठे पैसे खर्च करतो, यावरही त्या शहराचं पुढचं पीक ठरणार आहे.

आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीला ज्यांच्याकडे 'व्यापार'चा जुना पट असेल त्यांनी तो घेऊन यावा. मुलांना खेळायला बसवू. त्यात एक चांगली सोय आहे, पट उधळला तरी नोटा परत डब्यात जातात.